जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हपासून घरगुती सीडी प्लेअर: मायक्रोकंट्रोलर आणि डिस्प्लेसह

घरी सीडी प्लेअर तयार करायचा म्हटले, की लेसर, भिंग, मोटर आणि त्या सगळ्यांना ताळ्यावर ठेवणारे सर्किट डोळ्यांसमोर उभे राहते आणि तेथेच उत्साह मावळतो. ती धास्ती रास्तच आहे. सीडीवरील सर्पिल रेघेच्या एका वळणापासून शेजारच्या वळणापर्यंतचे अंतर सुमारे १.६ मायक्रोमीटर असते, आणि फिरता फिरता चकती वरखाली डोलत असताना लेसरचा ठिपका त्या रेघेवर टिकवून धरणे, हे घरच्या टेबलावर जमवण्याचे काम नव्हे. मात्र संगणकातून काढलेल्या जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हमध्ये हे सगळे तयारच असते. सेकंदाला ४४,१०० नमुने या गतीने येणारी १६ बिटांची माहिती पुन्हा ध्वनीत रूपांतरित करणारा भागसुद्धा त्याच्या पोटात असतो. आपल्याकडे उरते ते दोनच गोष्टींचे काम: ड्राइव्हला त्याच्या भाषेत आज्ञा देणे, आणि तो जे सांगेल तेच, स्वतःचे अंदाज न मिसळता, पडद्यावर दाखवणे. यातला दुसरा भाग दिसतो तितका सोपा नाही, आणि चांगल्या व वाईट घरगुती प्लेअरमधला फरक बहुधा तेथेच पडतो.

ड्राइव्हची निवड

ड्राइव्ह आयडीई जोडणीचा, म्हणजे मागे ४० पिनांचा रुंद सॉकेट असलेला हवा. साटा जोडणीचे नवे ड्राइव्ह या कामाचे नाहीत, कारण त्यांत ध्वनीची ॲनलॉग जोडणी सहसा ठेवलेली नसते आणि साध्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एकाच चिपवरच्या छोट्या संगणकाला, तो वेगवान सिरियल संवाद पेलवतही नाही. आयडीई ड्राइव्हच्या पाठीमागे चार पिनांची एक छोटी जोडणी दिसते. तिच्या कडेच्या दोन पिनांवर डावा आणि उजवा ध्वनी, तर मधल्या दोन पिनांवर ग्राउंड असते. ही जोडणी असूनही काही उत्तरकालीन ड्राइव्ह ध्वनी वाजवण्याच्या आज्ञा पाळत नाहीत, म्हणून विकत घेण्यापूर्वी ड्राइव्ह वाजवून पाहणे उत्तम. पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात असे जुने ड्राइव्ह अजूनही निघतात. निवडायला वाव असेल तर समोर हेडफोनचे छिद्र आणि ‘प्ले’चे बटण असलेला ड्राइव्ह घ्यावा, कारण त्याची परीक्षा सोपी असते. रिबन केबल न लावता फक्त वीज द्यावी, गाण्यांची सीडी घालावी आणि बटण दाबावे. हेडफोनमधून स्वच्छ आवाज आला, की लेसरपासून ध्वनीपर्यंतची सगळी साखळी शाबूत आहे याची खात्री पटते, आणि पुढे काही अडले तर दोष बहुधा आपल्या तारांत किंवा प्रोग्राममध्ये आहे हेही कळते.

ड्राइव्हवर ५२ पट वेगाचा आकडा छापलेला पाहून घोंघावणाऱ्या आवाजाची भीती बाळगू नये. गाणी वाजवताना ड्राइव्ह आपणहून मूळ वेगावर उतरतो, म्हणजे आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे आणि बाहेरच्या कडेला सुमारे २००. चकती ओळखताना थोडा वेळ तो जोरात फिरतो, तेवढेच.

ड्राइव्हचे वरचे झाकण उघडे ठेवून तो चालवू नये. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो, आणि न दिसणाऱ्या किरणापुढे पापणी आपोआप मिटत नाही.

मायक्रोकंट्रोलर आणि वीज

आयडीई जोडणीसाठी १६ माहितीच्या रेषा आणि ८ नियंत्रणाच्या रेषा लागतात. त्यांत डिस्प्ले आणि बटणे मिळवली, की अर्दुइनो उनो या नेहमीच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या पिना अपुऱ्या पडतात. म्हणून येथे अर्दुइनो मेगा २५६० गृहीत धरला आहे. त्यावर ५४ डिजिटल पिना आणि ८ किलोबाइट रॅम आहे, आणि मुख्य म्हणजे तो ५ व्होल्टवर चालतो. ३.३ व्होल्टवर चालणारे नवे बोर्ड वेगवान असले तरी या ड्राइव्हच्या ५ व्होल्टच्या संकेतांना ते थेट जोडता येत नाहीत; मध्ये व्होल्टेज बदलणाऱ्या चिपा घालाव्या लागतात आणि मग सोपे काम अवघड होऊन बसते.

ड्राइव्हला १२ व्होल्ट (पिवळी तार) आणि ५ व्होल्ट (लाल तार) असा दुहेरी पुरवठा लागतो. किती अँपिअर लागतील हे ड्राइव्हच्या लेबलवरच छापलेले असते. आयडीई ते यूएसबी संचाबरोबर मिळणारा, चार पिनांच्या मोठ्या जोडणीचा अडॉप्टर या कामाला पुरतो. मेगा बोर्डलाही त्याच ५ व्होल्टवरून, त्याच्या ‘५ व्होल्ट’ पिनेतून वीज द्यावी. प्रोग्राम भरण्यासाठी यूएसबी लावताना मात्र ही लाल तार सोडवावी आणि ग्राउंड तसेच जोडलेले ठेवावे.

चाळीस पिनांची जोडणी

सॉकेटची पहिली पिन रिबन केबलच्या लाल कडेला येते आणि विसावी पिन गाळलेली असते. माहितीच्या रेषांची मांडणी प्रथमदर्शनी विचित्र वाटते. शून्यावी रेषा १७व्या पिनेवर, पहिली १५व्या पिनेवर असे विषम पिनांवरून उतरत सातवी रेषा ३ऱ्या पिनेवर येते, तर आठवी रेषा ४थ्या पिनेवर, नववी ६व्या पिनेवर असे सम पिनांवरून चढत पंधरावी रेषा १८व्या पिनेवर पोहोचते. खालच्या आठ रेषा मेगाच्या पोर्ट ए-ला (पोर्ट म्हणजे एकदम वाचता-लिहिता येणाऱ्या आठ पिनांचा गट), म्हणजे २२ ते २९ या पिनांना जोडाव्यात. वरच्या आठ रेषा पोर्ट सी-ला जोडायच्या आहेत. पण त्या पोर्टचे क्रमांक उलटे जातात, म्हणजे शून्यावा बिट ३७व्या पिनेवर आणि सातवा बिट ३०व्या पिनेवर असतो.

नियंत्रणाच्या आठही रेषा पोर्ट एल या एकाच पोर्टवर घेतल्या, तर प्रोग्राम फार सुटसुटीत होतो. या पोर्टचेही क्रमांक उलटेच आहेत: शून्यावा बिट पिन ४९ आणि सातवा बिट पिन ४२. बिट ०, १ आणि २ वर पत्त्याच्या तीन रेषा घ्याव्यात, ज्या सॉकेटच्या अनुक्रमे ३५, ३३ आणि ३६ या पिनांवर आहेत. बिट ३ आणि ४ वर निवडीच्या दोन रेषा (सॉकेट पिन ३७ आणि ३८), बिट ५ वर वाचनाची (पिन २५), बिट ६ वर लेखनाची (पिन २३) आणि बिट ७ वर रीसेटची रेषा (पिन १) घ्यावी. निवड, वाचन, लेखन आणि रीसेट या पाचही रेषा शून्यावर आल्या की सक्रिय होतात. म्हणून बोर्ड जागा होईपर्यंत त्या लोंबकळत राहू नयेत यासाठी प्रत्येकीला १० किलोओहमच्या रोधाने ५ व्होल्टकडे ओढून ठेवावे. पिन २९लाही तसाच रोध लावावा. उलट सातव्या माहितीच्या रेषेला (पिन ३) १० किलोओहमने ग्राउंडकडे ओढावे, म्हणजे ड्राइव्ह जोडलेलाच नसेल तर प्रोग्राम ‘ड्राइव्ह कामात आहे’ असे समजून अनंतकाळ थांबून राहणार नाही. पिना २, १९, २२, २४, २६, ३० आणि ४० या सर्व ग्राउंडच्या आहेत आणि त्या सगळ्या जोडाव्यात. एकच जोडून भागवले तर बिघाड क्वचित आणि अनियमित येतो, आणि असा बिघाड शोधणे सर्वांत कष्टाचे असते. केबल ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी आणि ड्राइव्हचा जंपर (मागच्या पिनांवर बसवायची छोटी टोपी) ‘मास्टर’वर असावा.

वाचन आणि लेखन

पुढे सर्व आकडे दशमान पद्धतीत दिले आहेत. पोर्ट एल-वर २४८ लिहिले की कोणतीच रेषा सक्रिय नसते. ही विश्रांतीची स्थिती होय. २४० अधिक पत्ता लिहिला, की ड्राइव्हचे त्या पत्त्याचे रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवण्याचा छोटा कप्पा, निवडले जाते. पत्ता ० म्हणजे माहिती, ४ आणि ५ म्हणजे बाइटसंख्येचा खालचा व वरचा भाग, ६ म्हणजे ड्राइव्हची निवड आणि ७ म्हणजे वाचताना स्थिती व लिहिताना आज्ञा. निवडलेल्या आकड्यातून ३२ वजा केले की वाचन सुरू होते आणि ६४ वजा केले की लेखन.

वाचनापूर्वी पोर्ट ए आणि सी यांची दिशा ‘इनपुट’ केलीच पाहिजे, आणि तीही वाचनाची रेषा खाली ओढण्याच्या आधी. हा क्रम चुकला तर मायक्रोकंट्रोलर आणि ड्राइव्ह एकाच तारेवर परस्परविरोधी व्होल्टेज लादतात आणि दोघांपैकी एकाला इजा होऊ शकते. वाचनाची रेषा खाली ओढल्यावर सर्वांत धिम्या पद्धतीतही सुमारे ३०० नॅनोसेकंदांची उसंत पुरते. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर एक रिकामी सूचना ६२.५ नॅनोसेकंद खाते, म्हणून अशा सहा सूचना घालून मग पोर्ट वाचावा. अर्दुइनोच्या नेहमीच्या डिजिटल-रीड आणि डिजिटल-राइट या सोयी येथे वापरू नयेत. त्यांनी काम होते, पण एकेक बिट गोळा करत बसावे लागते. थेट पोर्टवर लिहिणे अधिक वेगवान तर आहेच, शिवाय वाचायलाही स्पष्ट आहे.

वीज आल्यावर रीसेटची रेषा क्षणभर खाली ओढून सोडावी. किमान २५ मायक्रोसेकंद आवश्यक असले तरी एक मिलिसेकंद देण्यात काही तोटा नाही. मग ड्राइव्ह-निवडीच्या रजिस्टरमध्ये १६० लिहून स्थिती वाचत राहावे. स्थितीचा सातवा बिट १ असेपर्यंत ड्राइव्ह कामात असतो आणि त्या काळात इतर कोणत्याही बिटावर विश्वास ठेवू नये. तो शून्य झाल्यावर बाइटसंख्येच्या दोन रजिस्टरांत अनुक्रमे २० आणि २३५ हे आकडे दिसले, तर समोर खरोखरच सीडी जातीचा ड्राइव्ह आहे आणि आपल्या चोवीस तारांपैकी बहुतेक बरोबर लागल्या आहेत. हे दोन आकडे दिसेपर्यंत पुढचा एकही ओळीचा प्रोग्राम लिहू नये.

बारा बाइटांची आज्ञा

सीडी ड्राइव्हला प्रत्येक आज्ञा १२ बाइटांच्या पाकिटातून जाते. आधी आज्ञेच्या रजिस्टरमध्ये १६० लिहायचे, म्हणजे ‘पाकीट येत आहे’ अशी सूचना जाते; त्यापूर्वी पत्ता १ वर शून्य आणि बाइटसंख्येच्या रजिस्टरांत आपण एका वेळी जास्तीत जास्त किती बाइट घेऊ शकतो तो आकडा ठेवायचा. क्षणभर थांबून सातवा बिट शून्य आणि तिसरा बिट १ होण्याची वाट पाहायची, आणि मग दोन-दोन बाइटांच्या सहा शब्दांत पाकीट लिहायचे. प्रत्येक जोडीतला पहिला बाइट खालच्या आठ रेषांवर आणि दुसरा वरच्या आठ रेषांवर जातो. त्यानंतर तिसरा बिट पुन्हा १ झाला, तर ड्राइव्हकडे उत्तर तयार आहे: किती बाइट आहेत हे बाइटसंख्येच्या रजिस्टरांतून वाचून नेमके तितकेच घ्यावेत, आणि तिसरा बिट शून्य होईपर्यंत हेच चक्र चालू ठेवावे. शेवटी स्थितीचा शून्यावा बिट १ असेल तर आज्ञा फसली आहे.

आज्ञा फसणे ही येथे नित्याची बाब आहे आणि तिला दोष समजू नये. पाकिटाचा शून्यावा बाइट ३ आणि चौथा (येथे आणि पुढे मोजणी शून्यापासून) १८ ठेवून पाठवले, की ड्राइव्ह फसण्याचे कारण १८ बाइटांत सांगतो. त्यांतील दुसऱ्या बाइटाच्या खालच्या चार बिटांत २ आणि बाराव्या बाइटात ५८ असेल तर आत चकती नाही. २ आणि ४ असेल तर ड्राइव्ह अजून सज्ज व्हायचा आहे, तेव्हा थांबावे. ६ आणि ४० असेल तर चकती बदलली असण्याचा संभव आहे, आणि जुनी सगळी माहिती टाकून देऊन अनुक्रमणिका नव्याने वाचावी. वीज दिल्यानंतरची पहिली आज्ञा जवळजवळ हमखास ६ आणि ४१ असे उत्तर घेऊन फसते. नुकताच जागा झालो, एवढेच ड्राइव्ह त्यातून कळवत असतो. अवघी बारा शून्ये असलेले पाकीट ‘तयार आहेस का’ एवढाच प्रश्न विचारते, आणि चकती वाजत नसताना दर सेकंदाला तो विचारत राहणे हाच प्रोग्रामचा मुख्य धागा असावा.

अनुक्रमणिका आणि वादन

चकती सज्ज झाल्यावर शून्यावा बाइट ६७, त्यापुढचा २, आणि सातव्या व आठव्या बाइटांत ३ आणि ३६ (म्हणजे एकूण ८०४) ठेवून अनुक्रमणिका मागवावी. सीडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक असू शकतात आणि शेवटी चकती संपल्याची एक नोंद असते, म्हणून ४ बाइटांचे शीर्षक आणि आठ-आठ बाइटांच्या १०० नोंदी धरून हा आकडा येतो. प्रत्येक नोंदीत ट्रॅकचा क्रमांक दुसऱ्या बाइटात, आणि त्याच्या आरंभाची मिनिटे, सेकंद व फ्रेम पाचव्या ते सातव्या बाइटांत असतात. एका सेकंदात ७५ फ्रेम असतात. समाप्तीच्या नोंदीचा क्रमांक १७० असतो. पहिल्या ट्रॅकचा आरंभ सहसा शून्यावर नसून २ सेकंदांवर असतो, त्यामुळे चकतीचा एकूण कालावधी दाखवताना तेवढे वजा करायला विसरू नये.

नोंदीच्या पहिल्या बाइटातील दुसरा बिट १ असेल तर तो ट्रॅक गाण्याचा नसून संगणकीय माहितीचा आहे आणि तो वाजवू नये. काही चकत्यांवर गाणी संपल्यानंतर असा एक ट्रॅक जोडलेला असतो. अशा वेळी शेवटच्या गाण्याचा अंत माहितीच्या ट्रॅकच्या आरंभाला नव्हे, तर त्याच्या ११,४०० फ्रेम, म्हणजे २ मिनिटे ३२ सेकंद, आधी धरावा. नाही तर उरलेला वेळ चुकीचा दिसतो आणि शेवटचे गाणे संपताना ड्राइव्ह अडखळतो.

वाजवण्याच्या आज्ञेचा शून्यावा बाइट ७१. तिसऱ्या ते पाचव्या बाइटांत आरंभ आणि सहाव्या ते आठव्या बाइटांत अंत, दोन्ही मिनिट-सेकंद-फ्रेम या क्रमाने. विरामासाठी शून्यावा बाइट ७५ आणि आठवा ०, पुन्हा सुरू करण्यासाठी आठवा १. थांबवण्यासाठी ७८. ट्रे उघडण्यासाठी २७ आणि चौथ्या बाइटात २, आत घेण्यासाठी ३. आज्ञा एवढ्याच आहेत.

आता सुरुवातीला म्हटलेल्या मुद्द्याकडे. वाजवण्याची आज्ञा दिली, की आपल्या प्रोग्राममध्ये घड्याळ सुरू करून सेकंद मोजावेत असा मोह होतो. तो टाळावा. चकतीवर ओरखडा असतो, ड्राइव्ह क्षणभर मागे जाऊन पुन्हा वाचतो, कोणी समोरचेच बटण दाबून ट्रे उघडतो, आणि आपले घड्याळ आपल्याच धुंदीत पुढे सरकत राहते. त्याऐवजी सेकंदाला तीन-चार वेळा ड्राइव्हलाच विचारावे: शून्यावा बाइट ६६, त्यापुढे २, ६४ आणि १, आणि आठव्या बाइटात १६. उत्तराच्या १६ बाइटांत पहिल्या बाइटात वादनाची अवस्था असते (१७ वाजत आहे, १८ विराम, १९ संपले, २० चुकीमुळे थांबले), सहाव्यात चालू ट्रॅकचा क्रमांक, नवव्या ते अकराव्यात चकतीवरील एकूण वेळ, आणि तेराव्या ते पंधराव्यात त्या ट्रॅकमधला वेळ. बटणांनी फक्त आज्ञा पाठवावी आणि पडदा फक्त या उत्तरावरून रंगवावा. ‘प्ले’ दाबल्याबरोबर पडद्यावर वादनाचे चिन्ह आले नाही आणि अर्ध्या सेकंदाने आले तरी चालेल. जे वाजत नाही ते वाजत आहे असे पडद्याने सांगणे मात्र चालणार नाही.

पडदा, बटणे आणि रिमोट

सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा साधा एलसीडी पुरेसा आहे. तो चार बिटांच्या पद्धतीने जोडला तर सहा पिना लागतात. वाचन-लेखनाची पिन ग्राउंडला द्यावी आणि कॉन्ट्रास्टसाठी १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रोध) लावावा. पडद्यावर नुसते काळे चौकोन दिसले किंवा काहीच दिसले नाही, तर आधी हा प्रीसेट फिरवून पाहावा. वरच्या ओळीत ट्रॅकचा क्रमांक आणि एकूण ट्रॅक, खालच्या ओळीत गेलेला आणि उरलेला वेळ अशी मांडणी दुरूनही वाचता येते. दर वेळी पडदा पुसून नव्याने लिहिल्यास तो लुकलुकतो, म्हणून बदललेले अंकच लिहावेत. स्वतः घडवलेल्या चिन्हांसाठी या पडद्यात फक्त आठ जागा असतात. वादन आणि विरामाच्या चिन्हांना त्या पुरतात, देवनागरीच्या दहा अंकांना पुरत नाहीत. गाण्यांची नावे मराठीत दाखवायची असतील तर १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा ग्राफिक पडदा घ्यावा आणि नावे एसडी कार्डावर स्वतः लिहून ठेवावीत. सर्व ट्रॅकच्या आरंभांचे आकडे मिळून चकतीची ओळख पुरेशी पटते.

बटणे पाच पुरेत. ‘मागे’च्या बटणाने, गाणे तीन सेकंदांहून पुढे गेलेले असेल तर तेच गाणे पुन्हा सुरू करावे आणि नसेल तर आधीचे लावावे, ही जुन्या प्लेअरची रीत सोयीची आहे. रिमोटसाठी ३८ किलोहर्ट्झचा टीएसओपी १७३८ हा संकेतग्राही भाग (रिसीव्हर) लावावा. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या व्हीएस १८३८ बी या भागाच्या पिनांचा क्रम वेगळा असतो, म्हणून डेटाशीट पाहूनच वीज द्यावी.

विराम बराच वेळ लांबला तर चकती फिरत आणि लेसर पेटलेला राहतो. दहा मिनिटांनंतर जागा लक्षात ठेवून वादन थांबवावे आणि पुन्हा बटण दाबल्यावर तेथूनच सुरू करावे. जुन्या लेसरचे आयुष्य तेवढेच वाढते.

ध्वनी

मागच्या चार पिनांवरून आवरण असलेली तार थेट ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला न्यावी. गुणगुण ऐकू आली तर ॲम्प्लिफायर आणि ड्राइव्ह यांचे ग्राउंड दोन वाटांनी जोडले गेले आहे का ते पाहावे आणि एकच वाट ठेवावी. आवाज कमीजास्त करण्याचे काम ड्राइव्हच्या १४व्या मोड-पानातूनही (ड्राइव्हमधल्या सेटिंगांच्या तक्त्यातूनही) करता येते. आधी ९० या आज्ञेने ते पान वाचावे, त्यातील नववा व अकरावा बाइट बदलावा आणि ८५ या आज्ञेने परत लिहावे. ड्राइव्हनुसार पायऱ्यांची संख्या बदलते आणि काहींत तर चालू व बंद एवढेच दोन टप्पे असतात. तसे निघाल्यास तो नाद सोडून ॲम्प्लिफायरच्या आधी १० किलोओहमचा दुहेरी लॉगॅरिदमिक पोटेन्शिओमीटर बसवावा.